जवळिकीचा अंमल : एका गोळीची कुळकथा

मराठीत ‘अंमल’ हा शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींना लावतो. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल असे आपण म्हणतो. आणि भांगेचा अंमल चढला असेही म्हणतो. ज्या कोणी हा शब्द प्रथम नशेला लावला तो मोठा जाणता माणूस असला पाहिजे. नशा म्हणजे कोणी परका येऊन घटकाभर आपल्या मनाच्या गादीवर बसतो आणि आपल्याच शिक्क्याने हुकूम सोडू लागतो, हे त्याने बरोबर ओळखले होते. ‘अमली पदार्थ’ हा आपल्या कायद्यातला शब्द त्याच कुळातला आणि त्या कायद्याची ‘अंमलबजावणी’ही त्याच कुळातली. एकाच घरातले हे दोघे भाऊ पुढे एकमेकांचा पाठलाग करताना दिसणार आहेत.

दारूने माणूस भांडतो किंवा रडतो, भांगेने हसत सुटतो, अफूने पेंगतो, चहाने तरतरीत होतो, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु शेजारच्या अनोळखी माणसाविषयी एकाएकी प्रेम वाटू लागावे, मनातली गाठ उकलून बोलावेसे वाटावे, हीच ज्याची मुख्य ख्याती, असे द्रव्य जुन्या जगाला सहसा माहीत नव्हते. ते विसाव्या शतकात प्रयोगशाळेतून निघाले. त्याचे रासायनिक नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून सर्वत्र त्याला एमडीएमए म्हणतात. बाजारातले नाव एक्स्टसी. येथे एक खुलासा अवश्य आहे. मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत धाडींच्या बातम्यांत ‘एमडी’ म्हणून जे येते ते बहुधा मेफेड्रोन नावाचे दुसरेच द्रव्य असते. नावे सख्ख्या भावांसारखी असली तरी नाते चुलत आहे. आम्ही पाहणार आहोत ती कथा पहिल्याची. आम्ही वैद्य नव्हे, रसायनज्ञ नव्हे, आणि या द्रव्याची चव घेतलेलेही नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदांवरून जे दिसते तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

या गोळीच्या जन्माची जी कथा पुष्कळ वर्षे छापली जात होती ती अशी की, जर्मनीतल्या मर्क कंपनीने भूक मारण्याचे औषध म्हणून ती तयार केली आणि महायुद्धात सैनिकांवर तिचा प्रयोग झाला. ही कथा खोटी आहे. २००६ साली कंपनीच्याच दप्तरखान्यातील कागद तपासून काही संशोधकांनी तिचा निकाल लावला. खरी गोष्ट अगदी नीरस आहे. रक्तस्राव थांबविणाऱ्या एका औषधाची कृती बायर या प्रतिस्पर्धी कंपनीच्या एकस्वात अडकली होती. तिला वळसा घालण्यासाठी मर्कने डार्मस्टाट येथे दुसरी वाट शोधली, आणि त्या वाटेवरचा एक मधला टप्पा म्हणून हा पदार्थ निर्माण झाला. एकस्वाचा अर्ज २४ डिसेंबर १९१२ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, दाखल झाला. तो पदार्थ प्रथम बनविणारा रसायनज्ञ आंतोन क्योलिश पुढे महायुद्धात कामी आला. आपण काय बनविले हे त्याला कळलेच नाही. कळण्याजोगे त्या वेळी काही नव्हतेही. कोणी ते घेऊन पाहिले नव्हते.

त्यानंतर चाळीस वर्षांनी अमेरिकन लष्कराने ते उकरून काढले. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत मनावर ताबा मिळविणाऱ्या रसायनांचा शोध चालला होता. मिशिगन विद्यापीठात १९५३-५४ साली प्राण्यांना हे द्रव्य टोचून त्याची विषारी मात्रा मोजण्यात आली, आणि ते निष्कर्ष १९६९ पर्यंत गुप्त राहिले. पुढे ज्याला प्रेमाची गोळी म्हणू लागले त्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास युद्धखात्याच्या खर्चाने व्हावा, हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो. त्या अभ्यासात किती मात्रेने प्राणी मरतो एवढेच विचारले गेले होते, आणि तेवढेच उत्तर मिळाले.

माणसाच्या मनाविषयीचा प्रश्न विचारला तो अलेक्झांडर शुल्गिन या कॅलिफोर्नियातल्या रसायनज्ञाने. डाऊ कंपनीत असताना त्याने एक कीटकनाशक शोधून मालकांना चांगला नफा मिळवून दिला होता. त्या बदल्यात आपल्या आवडीच्या विषयावर काम करण्याची मोकळीक त्याला मिळाली, आणि त्याची आवड म्हणजे मनावर परिणाम करणारी रसायने. पुढे नोकरी सोडून घराच्या परसातल्या प्रयोगशाळेत तो ती बनवी आणि स्वतःवर प्रयोग करी. आपल्याकडच्या जुन्या रसशास्त्र्यांची आठवण व्हावी असा हा गृहस्थ. एमडीएमए त्याने १९६५ सालीच बनविले होते, पण घेऊन पाहिले ते सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर. १९७८ साली डेव्हिड निकल्स यांच्यासह त्याने या द्रव्याच्या मानवी परिणामांविषयी पहिला शास्त्रीय वृत्तान्त प्रसिद्ध केला. भास होत नाहीत, भान सुटत नाही, तरी भावना मोकळ्या होतात, असा त्याचा सारांश होता.

शुल्गिनने ते लिओ झेफ नावाच्या आपल्या एका वृद्ध मित्राला दिले. झेफ हा मानसोपचार करणारा. व्यवसाय आवरण्याच्या बेतात होता. या अनुभवानंतर त्याने निवृत्ती पुढे ढकलली आणि देशभर फिरून इतर उपचारकांना हे द्रव्य दाखविले. त्याने त्याला ‘ॲडम’ असे नाव दिले. बायबलातला पापापूर्वीचा, लज्जा आणि भय ठाऊक नसलेला आदिपुरुष त्याच्या डोळ्यांपुढे होता. उपचारकांचा अनुभव साधारण असा : ज्या आठवणीला स्पर्श होताच रोगी एरवी गप्प होई किंवा उठून जाई, तिच्याविषयी तो आता शांतपणे बोलू शके, बिघडलेल्या संसारातली जोडपी एकमेकांचे ऐकून घेत. हे सारे गाजावाजा न करता चालले होते. अमेरिकेत त्या वेळी त्यावर बंदी नव्हती, आणि बोभाटा झाला की बंदी येणार हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

बोभाटा व्यापाऱ्याने केला. असे सांगतात की, विकणाऱ्याने प्रथम समसंवेदना या अर्थाचे ‘एम्पथी’ हे नाव योजिले होते. पण तो अर्थ किती गिऱ्हाइकांना कळणार, असा विचार करून त्याने ‘एक्स्टसी’, म्हणजे परमानंद, हे नाव पसंत केले. टेक्सासमधील डॅलस शहरात १९८४ साली उघडलेल्या एका प्रसिद्ध नृत्यगृहात ती गोळी मद्याच्या पेल्याबरोबर उघड विकली जात होती. १ जुलै १९८५ रोजी अमेरिकन सरकारने तातडीची बंदी घातली. मग सुनावण्या झाल्या. उपचारक मंडळी साक्षीला आली तेव्हा या द्रव्याचा औषधी उपयोग चालू होता हे ऐकून अधिकारी चकित झाले. फ्रान्सिस यंग या प्रशासकीय न्यायाधीशाने १९८६ साली सल्ला दिला की, बंधन घाला, पण वैद्यकाला वाव राहील असे घाला. अमली पदार्थ खात्याने तो मानला नाही. मधल्या काळात एका न्यायालयाने खात्याचे कारण अपुरे ठरविल्यामुळे १९८७ च्या अखेरीपासून सुमारे तीन महिने बंदी उठलीही होती; मार्च १९८८ मध्ये ती पुन्हा बसली ती कायमची. आपला अमली पदार्थविरोधी कायदाही १९८५ चाच. त्याच्या यादीत हे द्रव्य आहे.

आता इंग्लंडकडे वळू, कारण एका द्रव्याने समाजाचे वागणे बदलले की नाही, या प्रश्नाची सर्वांत मोठी उघडी परीक्षा तेथे झाली. तेथे ते द्रव्य १९७७ पासूनच बंदीखाली होते. तरी व्हावयाचे ते झाले. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनचे काही तरुण तबकडीवादक स्पेनच्या इबिझा बेटावर सुटीला गेले. उघड्या आकाशाखाली रात्रभर चालणारे नाच, नाना जातींचे संगीत आणि ही गोळी, असा तिहेरी अनुभव घेऊन ते परतले. त्यांतल्या डॅनी रॅम्पलिंगने त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमधल्या एका व्यायामशाळेत ‘शूम’ नावाचा क्लब काढला. पुढच्या उन्हाळ्यात हे लोण गोदामांत, विमानांच्या मोकळ्या शेडमध्ये, शेतांत पसरले. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट पुनःपुन्हा येते : अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडत होती. इंग्रज माणूस आगगाडीच्या डब्यात समोरच्याशी हवेखेरीज विषय काढीत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

आणि त्यातच फुटबॉलची गोष्ट. १९८५ च्या मे महिन्यात ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर इंग्रज प्रेक्षकांच्या हल्ल्यामुळे चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे मेली, त्यांतली बहुतेक इटालियन. इंग्लंडचे संघ युरोपच्या स्पर्धांतून हद्दपार झाले. शनिवारी सामन्यानंतर दोन संघांच्या टोळ्यांनी मारामारी करावयाची, हा जणू शिरस्ताच होता. १९८८ नंतर मात्र त्याच टोळ्यांतले काही तरुण शनिवारच्या रात्री एकाच नृत्यगृहात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचताना दिसू लागले, आणि मैदानावरील मारामाऱ्याही उताराला लागल्या. लगेच सिद्धान्त निघाला की, पोलिसांना आणि पाद्र्यांना जे साधले नाही ते गोळीने साधले.

आम्हांस हा सिद्धान्त जसाच्या तसा पटत नाही. याच वर्षांत आणखी काय घडत होते ते पाहावे. मैदानांवर टेहळणीचे कॅमेरे बसले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर भयंकर चेंगराचेंगरी झाली. तिच्यात ९७ जीव गेले, आणि तिचे कारण प्रेक्षकांची गुंडगिरी नव्हे तर पोलिसांचा ढिसाळपणा होता, हे पुढे सिद्ध झाले. तिच्या चौकशीतून १९९० साली न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला, आणि मोठ्या मैदानांतून उभे राहण्याच्या जागा जाऊन सर्वत्र खुर्च्या आल्या. तिकिटे महागली, प्रेक्षकवर्गच हळूहळू बदलला. एवढी कारणे हाताशी असताना सारे श्रेय एका गोळीला देणे इतिहासाला धरून होत नाही. शिवाय १९९८ च्या विश्वचषकात मार्सेलच्या रस्त्यांवर इंग्रज प्रेक्षकांनी जो धुडगूस घातला तो पाहता ते प्रेम फार टिकाऊ होते असेही म्हणवत नाही. तरीसुद्धा त्या तरुणांनी स्वतः सांगितलेला अनुभव आम्ही खोटा मानीत नाही. त्या रात्री त्यांना खरोखरच शत्रूविषयी माया वाटली असली पाहिजे. प्रश्न एवढाच की सोमवारी सकाळी तिच्यातले किती उरले. आणि त्याचे उत्तर माणसागणिक निराळे येते.

सरकारचा रोष मात्र संगीतावर उतरला. १९९२ च्या मे महिन्यात कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो लोक कित्येक दिवस नाचत राहिले, त्यानंतर १९९४ च्या फौजदारी कायद्यात अशा मेळाव्यांना आवर घालताना संगीताची व्याख्या करण्याची वेळ आली, आणि ‘पुनरावृत्त ठोक्यांची मालिका’ अशा आशयाचे शब्द विधिमंडळाच्या कायद्यात शिरले. रात्री मोकळ्या माळावर आपला लेझीमचा ताफा उतरला असता तर तोही त्या शब्दांत सहज बसला असता. याच सुमारास आपल्या गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी प्रवाशांच्या नाचरात्रींतून ‘गोवा ट्रान्स’ नावाचा संगीतप्रकार आकाराला आला आणि गोव्याचे नाव घेऊन युरोपात व इस्रायलमध्ये गेला. त्या रात्रींतून गोळ्याही फिरत होत्या. गावकऱ्यांच्या वाट्याला त्यातून काही धंदा आला, काही जागरण आले, आणि त्या किनाऱ्याच्या कपाळी जो शिक्का बसला तो आला. हे प्रकरण स्वतंत्र व्याख्यानाचे आहे.

या गोळीने माणसे मेली, हेही सांगितले पाहिजे. ती अँफेटामाइनच्या, म्हणजे उत्तेजकांच्या कुळातली असल्यामुळे हृदयाची गती आणि अंगातली उष्णता वाढविते. कोंदट खोलीत तासन्‌तास नाचणाऱ्याला थकवा कळत नाही, आणि काही जण उष्माघातासारख्या विकाराने दगावले. म्हणून पाणी पीत राहा असा सल्ला सर्वत्र दिला जाऊ लागला. १९९५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. तिने आपल्या वाढदिवसाच्या समारंभात घरीच गोळी घेतली होती आणि सल्ल्याप्रमाणे थोड्या वेळात अनेक लिटर पाणी प्याली होती. हे द्रव्य मूत्रावाटे पाणी बाहेर टाकण्याची शरीराची शक्ती दाबते. पाणी अंगात साचले, रक्तातले मीठ पातळ झाले आणि मेंदूला सूज आली. शिवाय बाजारच्या गोळीत काय आहे हे घेणाऱ्याला, पुष्कळदा विकणाऱ्यालाही, ठाऊक नसते. पुष्कळ मृत्यू दुसऱ्याच, अधिक घातक द्रव्यांनी झाले आहेत.

ते मनात करते तरी काय? मेंदूतल्या दोन पेशींमध्ये एक सूक्ष्म फट असते. सेरोटोनिन नावाचे द्रव्य एक पेशी त्या फटीत सोडते आणि काम झाल्यावर परत आत ओढून घेते. एमडीएमए हा परत ओढणारा रहाटच उलटा फिरविते, त्यामुळे साठा भराभर बाहेर पडतो. त्यासोबत रक्तात ऑक्सिटोसिन वाढते. बाळंतपणात आणि स्तनपानात हेच संप्रेरक काम करीत असते. शिकागो विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, हे द्रव्य घेतलेल्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भय नीट ओळखता येत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या संशोधकांनी २०१४ साली दाखविले की, माणसे अधिक उदार होतात आणि दुसऱ्याच्या भावनेने अधिक हेलावतात, पण दुःख, राग, भय ओळखण्यात कमी पडतात. हे वाचून आम्ही थबकलो. म्हणजे ज्याला आपण समसंवेदना म्हणतो तिची एक बाजू उजळते, तर दुसरी मंद होते. समोरच्याविषयी कळवळा वाटतो, आणि समोरचा घाबरलेला आहे हे मात्र दिसत नाही.

मग माणूस भोळा होतो काय? लंडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याचे उत्तर देतो. वीस पुरुषांना सहकार्य करावयाचे की दगा द्यावयाचा असा एक खेळ खेळावयास दिला. द्रव्याच्या अंमलाखाली त्यांनी विश्वासू भिडूशी अधिक सहकार्य केले; दगाबाजाशी मात्र पूर्वीइतक्याच सावधपणे वागले. हे ऐकून धीर येतो खरा. पण त्या खेळात दगाबाज कोण हे डावागणिक उघड होत होते. खऱ्या आयुष्यात दगाबाज माणूस असा गुण मोजून आपली ओळख देत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोपस या समुद्रातल्या अष्टपाद प्राण्यावर प्रयोग झाला. हा प्राणी एकलकोंडा म्हणून प्रसिद्ध. आपल्या जातीचा दुसरा नर जवळ आलेला त्याला खपत नाही. या द्रव्याच्या पाण्यात काही वेळ ठेवल्यावर तो पिंजऱ्यातल्या दुसऱ्या नराच्या जवळ जास्त वेळ राहू लागला आणि पिंजऱ्याला मिठी मारू लागला. आपला आणि त्याचा पूर्वज एक होता त्याला पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला. जवळिकीची ही कळ इतकी जुनी असेल अशी कल्पना कोणी केली नव्हती. पण पिंजऱ्याच्या आतल्या नराला ती मिठी हवी होती की नाही, हे प्रयोगात विचारलेले नाही.

शास्त्राच्याही फजितीचा एक प्रसंग येथे नोंदला पाहिजे. एका रात्रीतल्या दोन-तीन गोळ्यांनी मेंदूचे कायमचे नुकसान होते, असे माकडांवरील प्रयोगावरून २००२ साली एका अग्रगण्य नियतकालिकात जाहीर झाले आणि जगभर गाजले. वर्षभराने तो लेख मागे घ्यावा लागला. कारण बाटलीवरची चिठ्ठी चुकीची होती आणि माकडांना दिले गेले ते मेथाम्फेटामाइन. ‘मधल्या वाराची उदासी’ हे प्रकरण तसेच. शनिवारी गोळी घेणारे आठवड्याच्या मध्याला खिन्न होतात, असे १९९७ साली लंडनमध्ये आढळले. अलीकडच्या एका लहान ब्रिटिश अभ्यासात, दवाखान्यात दिवसाउजेडी शुद्ध द्रव्य घेऊन रात्री नीट झोपलेल्या रुग्णांत ती दिसली नाही. ती गोळीची किती आणि जागरणाची किती, हे सांगणे म्हणूनच कठीण. आम्हांस तर या सगळ्या कागदांतून एकच गोष्ट दिसत आली आहे. हे द्रव्य प्रेम देत नाही. ते भयाची अर्गळा काढते. मग दारातून कोण आत येते ते त्या खोलीत त्या वेळी कोण होते यावर राहते. झेफच्या खोलीत एक होते, शूममध्ये दुसरे, लष्कराच्या प्रयोगशाळेत तर कोणीच नव्हते.

१९८६ साली रिक डॉब्लिन यांनी एक संस्था काढली आणि बंदीनंतरही हे द्रव्य वैद्यकात परत आणण्याचा उद्योग तीन तपांहून अधिक काळ चालविला. युद्ध, बलात्कार, अपघात यांच्या आठवणींनी झपाटलेल्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. तीन वेळा, दर वेळी दिवसभर, दोन उपचारक रुग्णाजवळ बसत. २०२१ साली ९० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला : द्रव्य घेतलेल्यांपैकी ६७ टक्के त्या व्याधीच्या व्याख्येतून बाहेर आले, नुसते उपचार आणि खोटी गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना ते देण्याची मुभा दिली.

आणि मग कॅनडातील एका केंद्राचे प्रकरण समोर आले. तेथे आधीच्या चाचणीत उपचारक म्हणून बसलेल्यांपैकी एकाने रुग्ण स्त्रीशी लैंगिक संबंध ठेवले होते. जी स्त्री एका अत्याचाराच्या आठवणीतून सुटण्यासाठी आली होती, जिचे भय औषधाने मुद्दाम बाजूला सारले होते, तिच्यापाशी राखण करावयाची होती तीच माणसे होती. २०२४ च्या ऑगस्टात या चाचण्यांशी संबंधित तीन शोधलेख नियतकालिकाने मागे घेतले.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी नाकारली. त्याआधी जूनमध्ये सल्लागार समितीने दहा विरुद्ध एक मतांनी कौल दिला होता की लाभ धोक्याहून मोठा असल्याचे सिद्ध झालेले नाही. मुख्य अडचण अशी की, औषधाची चाचणी म्हटली म्हणजे खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला हे रुग्णालाही कळता कामा नये आणि वैद्यालाही. येथे तासाभरातच ते खोलीतल्या सर्वांना कळते. ज्याला खरी मिळाली तो समोरच्या दोघांकडे पाहून हसू लागतो. ज्याला खोटी मिळाली तो छताकडे पाहत पडून राहतो, आणि त्याच्याजवळ बसलेले उपचारकही घड्याळ पाहू लागतात. प्रशासनाने कंपनीला आणखी एक चाचणी करून आणावयास सांगितले.